विज्ञान ऑलिम्पियाड : पाच टप्प्यांची वाट आणि छोट्या राज्याची जागा

दहावीचा निकाल लागला की गुणवंतांची छायाचित्रे वृत्तपत्रांतून झळकतात आणि त्यांच्या घरी एकच चर्चा सुरू होते : अकरावीला विज्ञान घेतले, आता पुढे काय? अभियांत्रिकीची जेईई आणि वैद्यकीयची नीट ही दोन नावे लगेच पुढे येतात. ज्याला विज्ञान हे प्रवेशाचे साधन म्हणून नव्हे, तर विज्ञान म्हणूनच आवडते, अशा मुलासाठी शालेय वयातच एक निराळी कसोटी उपलब्ध आहे, हे मात्र पुष्कळ घरांत ठाऊक नसते. ती कसोटी म्हणजे विज्ञान आणि गणित ऑलिम्पियाड. तिची रचना, पात्रता आणि नियम यांची ओळख करून देणे, आणि गोव्यासारख्या लहान राज्यातील विद्यार्थ्याला तीत कोठे व कशी जागा मिळू शकते हे सांगणे, हा या लेखाचा हेतू.

नाव एक, परीक्षा अनेक

आरंभीच एक घोटाळा दूर करायला हवा. 'ऑलिम्पियाड' या शब्दावर कोणाचीही मालकी नाही. त्यामुळे पहिलीपासून दहावीपर्यंतच्या मुलांसाठी अनेक खासगी संस्था याच नावाने परीक्षा घेतात, शाळांमधून त्यांची माहितीपत्रके वाटली जातात आणि मुलांना पदके व प्रमाणपत्रेही मिळतात. सराव म्हणून त्या परीक्षांना हरकत नाही. परंतु त्यांपैकी कोणतीही परीक्षा भारताच्या अधिकृत संघात नेत नाही.

भारताचे संघ ज्या वाटेने निवडले जातात ती वाट एकच आहे. तिचे राष्ट्रीय केंद्र मुंबईत मानखुर्द येथे असलेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र होय. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा भाग असलेले हे केंद्र १९७४ मध्ये स्थापन झाले. विज्ञान विषयांची पहिली फेरी 'इंडियन असोसिएशन ऑफ फिजिक्स टीचर्स' ही भौतिकशास्त्राच्या शिक्षकांची संघटना अन्य विषयांच्या शिक्षकसंघटनांच्या सहकार्याने घेते. गणिताची पहिली फेरी गणित शिक्षकांच्या संघटनेकडे आहे. एखादे माहितीपत्रक हाती आले, तर या संस्थांपैकी कोणाचे नाव त्यावर आहे का, एवढे पाहिले की घोटाळा उरत नाही.

थोडा इतिहास

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिम्पियाडची सुरुवात १९५९ मध्ये रुमानियात झाली. भौतिकशास्त्राची स्पर्धा १९६७ मध्ये वॉर्सा येथे, रसायनशास्त्राची १९६८ मध्ये प्राग येथे आणि जीवशास्त्राची १९९० मध्ये तत्कालीन चेकोस्लोव्हाकियात सुरू झाली. नववी-दहावीच्या वयोगटासाठी कनिष्ठ विज्ञान ऑलिम्पियाड २००४ पासून, तर खगोलशास्त्र आणि खगोलभौतिकीचे ऑलिम्पियाड २००७ पासून भरते.

भारताने गणितात १९८९ मध्ये प्रथम भाग घेतला. भौतिकशास्त्रात १९९८, रसायनशास्त्रात १९९९ आणि जीवशास्त्रात २००० या वर्षी आपला संघ पहिल्यांदा गेला. त्यानंतर यजमानपदही आपल्याकडे अनेकदा आले. मुंबईत १९९६ मध्ये गणिताचे, २००१ मध्ये रसायनशास्त्राचे, २००८ मध्ये जीवशास्त्राचे, २०१५ मध्ये भौतिकशास्त्राचे आणि २०२५ मध्ये खगोलशास्त्राचे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड झाले. २०१८ मध्ये लिस्बन येथे भौतिकशास्त्राच्या भारतीय संघातील पाचही विद्यार्थ्यांनी सुवर्णपदके मिळवली. २०२३ मध्ये जीवशास्त्राच्या चारही विद्यार्थ्यांनी संयुक्त अरब अमिरातीत तोच पराक्रम केला. २०२४ मध्ये इंग्लंडमधील बाथ येथे गणिताचा संघ चार सुवर्णपदकांसह चौथ्या क्रमांकावर आला.

पाच टप्पे

विज्ञानाच्या पाच शाखांसाठी निवडीचे पाच टप्पे आहेत. या शाखा म्हणजे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, खगोलशास्त्र आणि कनिष्ठ विज्ञान.

पहिला टप्पा नॅशनल स्टँडर्ड एक्झामिनेशनचा, म्हणजेच 'एनएसई'चा. ही परीक्षा साधारणपणे नोव्हेंबरमध्ये होते. दोन तासांत साठ बहुपर्यायी प्रश्न सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला गुण वजा होतात. अभ्यासक्रम स्थूलमानाने अकरावी-बारावीचा असतो, कनिष्ठ गटासाठी दहावीपर्यंतचा. खगोलशास्त्राच्या परीक्षेचे नाव ऐकून मुले बिचकतात. पण तिथेही मुख्य भर भौतिकशास्त्र आणि गणितावरच असतो. नोंदणी परीक्षेच्या काही महिने आधी सुरू होते आणि शाळा-महाविद्यालये परीक्षा केंद्रे म्हणून काम करतात.

दुसरा टप्पा इंडियन नॅशनल ऑलिम्पियाडचा. देशभरातून प्रत्येक विषयात अवघे काहीशे विद्यार्थी येथवर पोहोचतात. जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या आरंभी होणारी ही परीक्षा भाभा केंद्र घेते. येथे पर्यायांवर खूण करून भागत नाही. विचार कसा केला ते पायरीपायरीने मांडावे लागते. उत्तर चुकले तरी मांडणीला गुण मिळू शकतात.

तिसरा टप्पा मानखुर्दच्या निवासी शिबिराचा. एप्रिल ते जून या काळात प्रत्येक विषयातील साधारण पस्तीस ते पन्नास मुले तेथे एकत्र येतात. व्याख्याने, प्रयोग आणि चाचण्या असा त्यांचा दिनक्रम असतो. आपल्याकडच्या अनेक उच्च माध्यमिक विद्यालयांत प्रयोगवही पूर्ण करणे हेच प्रयोगशाळेचे उद्दिष्ट होऊन बसते. त्यामुळे अपरिचित उपकरण हाती घेऊन, कृती न सांगता दिलेला प्रयोग स्वतः आखणे, हा अनुभव बहुतेकांना येथे पहिल्यांदा मिळतो. शिबिराचा प्रवासखर्च आणि निवासाचा भार विद्यार्थ्यावर पडत नाही.

चौथा टप्पा संघात निवडलेल्यांच्या प्रस्थानपूर्व प्रशिक्षणाचा आणि पाचवा प्रत्यक्ष आंतरराष्ट्रीय स्पर्धेचा. भौतिकशास्त्र व खगोलशास्त्राच्या संघात पाच, रसायनशास्त्र व जीवशास्त्राच्या संघात चार, तर कनिष्ठ विज्ञानाच्या संघात सहा विद्यार्थी असतात. भौतिकशास्त्राच्या स्पर्धेत पाच तासांची लेखी परीक्षा तीस गुणांची आणि पाच तासांची प्रायोगिक परीक्षा वीस गुणांची असते. संघाचा खर्च केंद्र सरकार उचलते. कनिष्ठ विज्ञानाची स्पर्धा वर्षअखेरीस होते, बाकीच्या बहुतेक जुलै-ऑगस्टच्या सुमारास.

गणिताची वाट वेगळी

गणिताच्या निवडीत पहिली परीक्षा 'आयओक्यूएम' या संक्षिप्त नावाने ओळखली जाते. ती साधारण सप्टेंबरमध्ये होते. तीन तास, तीस प्रश्न, आणि प्रत्येकाचे उत्तर म्हणजे एक पूर्णांक. त्यामुळे पर्याय पाहून अंदाज बांधायला वाव नाही. त्यानंतर प्रादेशिक ऑलिम्पियाड, मग जानेवारीतील राष्ट्रीय ऑलिम्पियाड आणि शेवटी प्रशिक्षण शिबिर. राष्ट्रीय फेरीत साडेचार तासांत सहा प्रश्न सोडवायचे असतात. आंतरराष्ट्रीय फेरीत दोन दिवस रोज साडेचार तास आणि तीनच प्रश्न. प्रत्येकाला सात गुण, एकूण बेचाळीस. एका प्रश्नावर दीड तास घालवणे ही तेथे चैन नव्हे, तीच अपेक्षा आहे. आठवीपासूनचे विद्यार्थी गणिताच्या परीक्षांना बसू शकतात.

प्रश्न कसा असतो?

शालेय परीक्षा आणि ऑलिम्पियाड यांतला भेद अभ्यासक्रमाच्या लांबीरुंदीत शोधू नये. तो प्रश्नाच्या स्वरूपात आहे. मांडवीच्या काठावर राहणाऱ्याला ओळखीचे वाटेल असे एक उदाहरण घेऊ.

पाठ्यपुस्तक विचारते : आर्किमिडीजचे तत्त्व लिहा. ऑलिम्पियाडच्या धाटणीचा प्रश्न असा असेल : एका बंदिस्त गोदीत खनिजाने भरलेली बार्ज तरंगते आहे. तिच्यावरचे दोनशे टन खनिज गोदीच्या तळाशी पडले. गोदीतील पाण्याची पातळी वाढेल, घटेल की तेवढीच राहील?

पुष्कळ मुले पटकन 'वाढेल' म्हणतात, कारण पाण्यात काहीतरी पडले आहे. थोडा विचार करणारा 'तेवढीच राहील' म्हणतो, कारण खनिज आधीही गोदीतच होते. खरे उत्तर 'घटेल' हे आहे. खनिज बार्जवर असताना ते आपल्या वजनाइतके, म्हणजे दोनशे टन, पाणी दूर सारते. त्याचे घनफळ दोनशे घनमीटर. तळाशी गेल्यावर मात्र ते आपल्या आकारमानाइतकेच पाणी दूर सारते. खनिजाची घनता पाण्याच्या चौपट धरली, तर ते आकारमान केवळ पन्नास घनमीटर. दीडशे घनमीटरांचा फरक पडला. गोदीचे क्षेत्रफळ एक हजार चौरस मीटर असेल, तर पातळी पंधरा सेंटिमीटरने उतरेल.

येथेही प्रश्न संपत नाही. गोदीतील पाणी खारे असते तर? तेवढेच वजन पेलायला खारे पाणी थोडे कमी लागते, म्हणून पातळीतील घटही किंचित कमी होईल. खनिजाच्या ढेकळांत हवा अडकून राहिली तर? गोदीचे दार नदीकडे उघडे असते तर? प्रत्येक पोटप्रश्न आधीच्या गृहीतकाला धक्का देतो. या सगळ्यासाठी लागणारे ज्ञान शालेय पुस्तकातले आहे. कस लागतो तो ते ज्ञान अनोळखी ठिकाणी वापरण्याचा. शिकवणीवर्गात शंभर नमुने पाठ करून येणारे मूल येथे अडते, आणि ज्याला 'असे का?' विचारायची सवय आहे ते मूल कधीकधी कमी गुणांचे असूनही पुढे जाते.

लहान राज्याची जागा

आता गोव्याच्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा. देशपातळीवरील स्पर्धेत कोटा, हैदराबाद, मुंबई, पुणे अशा शिकवणीवर्गांच्या केंद्रांतून येणाऱ्या मुलांपुढे आपला काय निभाव लागणार, असे म्हणून अनेकजण अर्जच भरत नाहीत. निवडीचे नियम वाचले, तर हा समज पुरता खरा नाही असे दिसते.

पहिल्या टप्प्यातून दुसऱ्यात जाण्यासाठी तीन प्रकारचे निकष लावले जात आले आहेत. पहिला गुणवत्तेचा : देशातील पहिल्या दहा विद्यार्थ्यांच्या सरासरीच्या जवळ जाणारे गुण मिळवणारा विद्यार्थी कोणत्याही राज्याचा असो, थेट निवडला जातो. दुसरा प्रमाणाचा : एखाद्या राज्यातून किती विद्यार्थी परीक्षेला नोंदवले गेले, त्या प्रमाणात त्या राज्याला जागा मिळतात. तिसरा किमान प्रतिनिधित्वाचा : प्रत्येक राज्यातून आणि केंद्रशासित प्रदेशातून निदान एक विद्यार्थी पुढे जावा, मात्र त्याने ठरवून दिलेले किमान पात्रता गुण मिळवलेले असले पाहिजेत.

या नियमांचा अर्थ नीट ध्यानी घ्यावा. तिसऱ्या निकषाने राज्यातील सर्वोत्तम विद्यार्थ्यासाठी एक दार उघडे ठेवले आहे. पण ते आपोआप मिळणारे आरक्षण नव्हे. किमान गुणांची अट कोणालाही सुटत नाही. दुसऱ्या निकषाचा अर्थ तर थेट शाळांशी निगडित आहे. जागा नोंदणीच्या प्रमाणात मिळतात. म्हणजे परीक्षेला बसणारी मुले थोडी, तर राज्याच्या वाट्याला येणाऱ्या जागाही थोड्याच. पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या विद्यालयांनी आपापली पाच-दहा मुले बसवली, तर त्याचा लाभ त्या मुलांपुरता राहत नाही. तो राज्यातील इतर होतकरू मुलांनाही मिळतो.

गणितात स्थिती निराळी आहे. तेथे प्रादेशिक फेरीसाठी गोव्याचा समावेश महाराष्ट्राबरोबर होत आला आहे. साहजिकच मोठ्या राज्यातील विद्यार्थ्यांशी थेट सामना करावा लागतो. ही वस्तुस्थिती आधी ठाऊक असली, तर गणिताची तयारी आठवी-नववीपासून का सुरू करावी, हे निराळे सांगावे लागत नाही.

आणखी एक गोष्ट. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा ही दहावीच्या मुलांसाठी दीर्घकाळ चाललेली योजना होती. तिचा पहिला टप्पा राज्यपातळीवर होत असे आणि राज्यनिहाय संख्या ठरलेली असे. ती २०२१ नंतर थांबली. अकरावी-बारावीसाठी १९९९ पासून सुरू असलेली किशोर वैज्ञानिक प्रोत्साहन योजना २०२२ मध्ये 'इन्स्पायर' योजनेत विलीन झाली. दोन्ही वाटा बंद झाल्यामुळे शालेय वयात विज्ञानाची खरी कसोटी पाहणारी देशव्यापी परीक्षा म्हणून ऑलिम्पियाडचे महत्त्व अधिकच वाढले आहे.

वेळेचे गणित

सर्वांत मोठी अडचण बुद्धीची नसते, वेळापत्रकाची असते. बारावीच्या विद्यार्थ्यासाठी राष्ट्रीय फेरी जेईईच्या जानेवारीतील सत्राच्या आणि मंडळाच्या परीक्षेच्या अगदी तोंडावर येते. शिबिराचा काळ तर नीट आणि जेईई ॲडव्हान्सड यांच्याच दिवसांत पडतो. त्यामुळे ऐन बारावीत प्रथमच ऑलिम्पियाडला बसणे ओढाताणीचे ठरते. तुलनेने मोकळे वर्ष अकरावीचे. पण त्यात दुसरी अडचण आहे : जूनमध्ये अकरावी सुरू झालेल्या मुलाला नोव्हेंबरमध्ये बारावीच्या अभ्यासक्रमावरील प्रश्नांना तोंड द्यावे लागते.

यावर मार्ग म्हणजे आरंभ लवकर करणे. नववी किंवा दहावीत कनिष्ठ विज्ञानाची परीक्षा एकदा देऊन पाहावी. वयाची मर्यादा आणि इयत्तेची अट त्या त्या वर्षीच्या पत्रकात दिलेली असते. दहावीच्या परीक्षेनंतरची सुट्टी अकरावीच्या भौतिकशास्त्राला द्यावी. अकरावीत एकच आवडता विषय निवडून बसावे. पाचही विषयांना अर्ज भरून एकाचाही अभ्यास न होणे, हा नेहमीचा प्रकार टाळावा.

तयारी आणि भाषा

तयारीसाठी महागड्या वर्गांची गरज आहेच असे नाही. मागील वर्षांच्या राष्ट्रीय फेरीच्या प्रश्नपत्रिका आणि त्यांची उत्तरे भाभा केंद्राच्या संकेतस्थळावर विनामूल्य मिळतात. भौतिकशास्त्रासाठी हॅलिडे-रेसनिक, जीवशास्त्रासाठी कॅम्पबेल ही महाविद्यालयीन पाठ्यपुस्तके ग्रंथालयांतून मिळू शकतात. रसायनशास्त्राचे यजमान राष्ट्र स्पर्धेच्या काही महिने आधी सरावप्रश्नांचा संच जाहीर करते. तोही खुला असतो. प्रश्न सोडवण्याची रीत एकच : उत्तर न पाहता एका प्रश्नाला निदान तासभर द्यावा.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे विशेष आहे. गोव्यातील पुष्कळ मुले चौथीपर्यंत मराठीतून किंवा कोकणीतून शिकतात आणि पाचवीपासून इंग्रजीकडे वळतात. विज्ञान समजण्याआधी त्याची इंग्रजी व्याख्या पाठ होते. भाभा केंद्राच्या आरंभीच्या काळात जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातील शाळांत काम झाले. केंद्राचे संस्थापक-संचालक वि. गो. कुलकर्णी आणि त्यांचे सहकारी यांच्या त्या काळातील अभ्यासातून असे दिसून आले की, मुलांच्या विज्ञानातील पिछाडीचे एक मोठे कारण पुस्तकांची दुर्बोध भाषा हे होते. ती सोपी केली की आकलन सुधारते. आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडमध्येही याच जाणिवेतून प्रत्येक देशाचे मार्गदर्शक परीक्षेच्या आदल्या रात्री जागून प्रश्नपत्रिका आपल्या विद्यार्थ्यांच्या भाषेत उतरवतात. तेव्हा परीक्षा इंग्रजीत लिहायची असली, तरी विचार मराठीत करायला काहीच हरकत नाही. वर दिलेला बार्जचा प्रश्न घरातल्या घरात आईवडिलांशी मराठीत वाद घालून सोडवला, तर तो अधिक पक्का समजेल.

पदकापलीकडे

आंतरराष्ट्रीय पदक देशातून दरवर्षी तीसेक मुलांच्याच वाट्याला येते. मग बाकीच्यांनी हा खटाटोप का करावा? याचे व्यावहारिक उत्तर आता मिळू लागले आहे. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट, भारतीय सांख्यिकी संस्था आणि हैदराबादची आयआयआयटी या संस्था प्रवेश देताना ऑलिम्पियाडमधील कामगिरीची दखल घेत आल्या आहेत. २०२५-२६ या वर्षापासून आयआयटी मद्रास आणि आयआयटी कानपूर यांनीही ऑलिम्पियाडमधील गुणवंतांसाठी काही जागांवर वेगळा प्रवेशमार्ग सुरू केला. प्रत्येक संस्थेच्या अटी निराळ्या आहेत आणि त्या दरवर्षी बदलू शकतात. म्हणून अर्ज करण्यापूर्वी त्या संस्थेचे चालू वर्षाचे पत्रक वाचणे आवश्यक.

दुसरे उत्तर प्रवेशाशी जोडलेले नाही. पहिल्याच टप्प्यात बाहेर पडलेल्या मुलालाही आपल्याला नेमके काय येते आणि काय केवळ पाठ आहे, याचा पडताळा मिळतो. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव गुणांची सवय झालेल्या विद्यार्थ्याला साठपैकी पंधरा प्रश्नही धड सुटू नयेत, हा अनुभव कडू असतो खरा. मात्र तो सोळाव्या वर्षी आला, तर त्यातून सावरायला आणि शिकायला पुरेसा अवधी असतो. पालकांनी या गुणांकडे अपयश म्हणून पाहिले नाही, तर मूलही पुढच्या वर्षी पुन्हा बसायला तयार होते.

शाळांनी करावयाचे काम फार अवघड नाही. विज्ञान शिक्षकांपैकी एकाकडे ही जबाबदारी सोपवावी, जून-जुलैपासून संबंधित संस्थांच्या संकेतस्थळांवर लक्ष ठेवावे, नोंदणीची अंतिम तारीख फलकावर लावावी आणि जवळपास केंद्र नसेल तर आपलेच विद्यालय केंद्र म्हणून नोंदवता येईल का, याची चौकशी करावी. ज्या मुलापर्यंत ही माहिती वेळेवर पोहोचते, तेच परीक्षेला बसू शकते. आणि राज्याच्या वाट्याच्या जागाही परीक्षेला बसणाऱ्यांच्या संख्येवरच ठरतात.